जुनी फायर स्टेशनं पाडायची का?

पाणबंब: काल एकानं लिहिलं, 'मुंबईतली जुनी फायर स्टेशनं पाडा, घोड्यांच्या बंबांसाठी काढलेल्या दारांतून आजच्या गाड्या जात नाहीत.' संताप आला. १ एप्रिल १८८७ ला आग विझवण्याचं काम पोलिसांकडून महापालिकेकडे आलं, त्या काळाची साक्ष या इमारती देतात. १४ एप्रिल १९४४ ला गोदीच्या स्फोटात याच दलाचे ६६ जवान गेले. दार अरुंद आहे ना? मग कमान तशीच ठेवा, शेजारी गाडी उभी करायला नवा गाळा काढा.

काटकोन: त्या जवानांचं स्मारक भायखळ्याला आहेच, त्यांच्या नावावर दार अरुंद ठेवू नका. गाडी २.६ मीटरपर्यंत रुंद असू शकते. दोन्हीकडे अर्धा मीटर सोडला तर ३.६ हवेत. आणि जमीन? ४,५०० लिटरच्या टेंडरमध्ये, म्हणजे पाण्याच्या टाकीच्या बंबात, नुसतं पाणीच साडेचार टन. फरशीखाली पोकळी असली की मागच्या चाकाखाली ती खचते.

चुनखडी: इमारती खिळखिळ्या कशानं झाल्या ते आधी बोला! चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, विटेचा भुगा होतो. सिमेंट उतरवा. चुनकळी, म्हणजे भाजलेला चुना, पाण्यात विझवून निदान तीन आठवडे मुरवा, एकास तीन वाळू घ्या, १०-१२ मिलिमीटरचे थर द्या, ओल्या गोणपाटानं झाका.

काटकोन: आणि पावसाळ्यात? चुना वाळत नाही. तोवर आगी थांबणार का?

चुनखडी: पावसाळ्यात बाहेरचा गिलावा करायचाच नसतो! ऑक्टोबरला सुरू करा, एका वेळी एकच गाळा रिकामा करा. ओलीच्या जागी सुरखी, म्हणजे विटांची पूड, मिसळा, चुना लवकर धरतो. घाई झाली की पोतंभर सिमेंट ओतायचं, याच सवयीनं वाट लावली आहे.

पाणबंब: अहो, धागा फायर स्टेशनचा आहे, गिलाव्याचा नाही.

लोखंड: तुम्ही भिंतीवर भांडताय, वर कोण बघणार? विटांच्या कमानींचं छत लोखंडी गर्डरवर बसलेलं असतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, गर्डर फुगतो आणि टेकणीजवळची वीट उकलते. खालून रंग मारून हे थांबत नाही. टेकू द्या, पांढरं लोखंड दिसेपर्यंत खरवडा, त्याच दिवशी झिंक प्रायमर लावा. खालची पट्टी झिजून पातळ झाली असेल तर शेजारी नवा गर्डर घाला.

काटकोन: गर्डरचं पटलं, त्यासाठी पाडायची गरज नाही. चुन्याचं अर्धंच पटलं. पण फरशीला भोक पाडून जाडी आणि खालचा भराव तपासल्याशिवाय भरलेला टेंडर आत घेऊ नका. एवढं तरी ऐका.

चुनखडी: तपासा. पण ते भोक सिमेंटनं बुजवू नका.