सत्काराच्या यादीत दूध संस्थेची सचिव का नको?

(कोल्हापूरकरांची चर्चा; नावाऐवजी ज्यानं त्यानं आपलं ठिकाण लिहिलंय.)

सायबर चौक: आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थिनी मेळाव्याची यादी आली. सत्काराला सातजणी. एक उपजिल्हाधिकारी, दोन डॉक्टर, बाकीच्या पुण्यात नाहीतर अमेरिकेत आयटीत. सगळ्यांचा अभिमान आहेच. पण एम.एस्सी. केमिस्ट्रीला पहिल्या वर्गात आलेली आमची मैत्रीण त्यात नाही. नाव सुचवलं तर उत्तर आलं, "ती आता घरीच असते ना?"

करवीर तालुक्यातल्या सासरच्या गावी ती दूध संस्थेची सचिव आहे. गेल्या महिन्यात तिच्याकडे मुक्कामाला होते. पहाटे पाचला किटल्या घेऊन रांग लागलेली. एका म्हातारीच्या म्हशीच्या दुधाला फॅट लागली 5.2, रोज सहाच्या वर असते. हिनं पावती दिली नाही. किटलीतलं दूध तळापासून ढवळलं, नमुना परत घेतला. 6.4! मला म्हणाली, "साय वर चढलेली असली की खालच्या दुधाला फॅट कमी लागते. दर फॅटवर ठरतो, तिचे पैसे का बुडावेत?" ही केमिस्ट्री नाही तर काय आहे?

गडहिंग्लजकर: ताई, तुमच्या मैत्रिणीला नमस्कार. तरी स्टेजवर उपजिल्हाधिकारीच पाहिजे. आमच्याकडं आजही चांगलं स्थळ आलं की पोरीचं कॉलेज सुटतं. तेव्हा बापापुढं दूध संस्था दाखवून भागत नाही, खुर्ची दाखवावी लागते. तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये नेमबाजीत जगज्जेती झाली, राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. दोघी कोल्हापूरच्या. म्हणून माझी भाची रेंजवर जाते म्हणाली तेव्हा घरात कुणी हसलं नाही. मोठं नाव समोर दिसावंच लागतं.

उत्तरेश्वर पेठ: आपल्याच गावातलं उदाहरण घ्या. कृष्णाबाई केळवकर त्या काळात डॉक्टर झाल्या, हे सगळे सांगतात. पण त्यांच्या आई रखमाबाई कोल्हापूर संस्थानात मुलींच्या शिक्षणाचं काम बघत होत्या, त्या किती जणांना आठवतात? आई झिजली म्हणून लेक डॉक्टर झाली. आणि 1918 ला राजपुत्र शिवाजी शिकारीच्या अपघातात गेले, तेव्हा शाहू महाराजांनी कोवळ्या वयाच्या विधवा सुनेच्या, इंदुमतीदेवींच्या शिक्षणाची सोय कोल्हापूरजवळच्या सोनतळीला केली. पुढं त्या कुठल्या हुद्द्यावर बसतील, हा हिशेब धरून नव्हे.

राजारामपुरी 7वी गल्ली: मला वेगळंच खटकतंय. पहिला वर्ग मिळवलेली मुलगी गावात सचिव झाली, त्यात तिची निवड किती आणि नाइलाज किती? तिला प्रयोगशाळेत जायचं नव्हतं का? आपण शाल घालायची, फोटो काढायचा, आणि तिच्याकडून काय हिरावलं गेलं ते झाकायचं. हे मला पटत नाही. आधी तिला विचारा.

सायबर चौक: विचारलंय. पीएच.डी.ला नोंदणी केली होती, दुसऱ्या बाळंतपणात सुटली. सांगताना डोळे भरले तिचे. तुमचं खरं आहे, ते दुःख शालीखाली झाकू नये. पण म्हणून तिची आजची पहाट कमी दर्जाची ठरत नाही. संस्थेत ती आल्यापासून कितीतरी बायकांनी दुधाचं खातं स्वतःच्या नावावर करून घेतलंय. काल फोनवर म्हणाली, "मला शाल नको. बी.एस्सी.च्या पोरींना एक दिवस पहाटे संकलनाला पाठवा."

गडहिंग्लजकर: माझं मत तेच आहे, पहिला मान अधिकारी बाईंचाच. पण भाची बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, केमिस्ट्रीच घेतलंय. तिला पाठवतो. एवढ्या पहाटे एसटी मिळंल का?

सायबर चौक: नाही मिळणार. आदल्या संध्याकाळी रंकाळा स्टँडवरून मुक्कामाची गाडी आहे, तिनं येऊ दे. जेवायची, झोपायची सोय मैत्रीण करेल.