ब्रेक दाबला की डॅशबोर्ड उजळतो: पिकअपच्या वायरिंगमध्ये नेमका दोष कुठे शोधावा?

करवीर_भाजीवाहतूक (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे डिझेलवर चालणारा, सहा वर्षे वापरलेला एक पिकअप आहे. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातून रात्री भाजीपाला भरून गगनबावड्यामार्गे करूळ घाट उतरायचा, कणकवली आणि मालवणला माल द्यायचा आणि परतीला मिळेल ते भाडे घ्यायचे, असा आठवड्यातून चार-पाच वेळा आमचा फेरा असतो. परतीचे भाडे बहुधा बर्फातल्या मासळीचेच असते.

गेल्या चौदा महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलल्या, तरीही सुट्टीनंतर गाडी काढायला गेलो की सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) एकदोनदा कण्हतो आणि गप्प बसतो. मग ढकलून सुरू करावी लागते. हेडलाइटचा उजेड इतका पिवळट पडतो की धुक्यात घाट उतरताना जीव मुठीत धरावा लागतो, म्हणून मी स्वतःच जास्त वॉटचे, १००/९० चे बल्ब बसवून घेतले. फरक जवळजवळ शून्य. सर्वांत विचित्र गोष्ट अशी, की सर्व दिवे बंद असताना ब्रेक दाबला तर डॅशबोर्डचे दिवे मंद उजळतात आणि डावा इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवाही त्याच्याबरोबर उघडझाप करतो. पावसाळ्यात हे सारे वाढते. ड्रायव्हरची आणखी एक तक्रार आहे, ती म्हणजे सेल्फ बराच वेळ मारला की गिअरची केबल हाताला गरम लागते. ती मात्र मी आजवर मनावर घेतली नव्हती.

एका वायरमनने अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र) बदलायला सांगितले आहे, दुसऱ्याने थेट ईसीयूवर (इंजिनच्या संगणकावर) बोट ठेवले आहे आणि तिसऱ्याच्या मते संपूर्ण वायरिंग नवे टाकल्याशिवाय गत्यंतर नाही. तिघांपैकी एकानेही मीटर (मल्टीमीटर) लावून पाहिला नाही. पैसे घालण्यापूर्वी दोष नक्की कुठे आहे हे माझे मलाच कसे तपासता येईल, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शिरोली_फेरी

माझ्याही पिकअपचा सेल्फ असाच अडत असे. बॅटरीच्या खांबावर निळसर-पांढरी भुकटी साचून क्लॅम्प आतून सैल झाला होता. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून खांब धुतले, पॉलिश कागदाने घासले, क्लॅम्प आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. एवढ्यावर दोन वर्षे निघाली. आधी हे करून पाहा, खर्च चहाइतका आहे.

उद्यमनगर_वायरमन

शिवाजी उद्यमनगरात मी सत्तावीस वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो आहे. आपण जी लक्षणे लिहिली आहेत त्यांतली निदान तीन लक्षणे एकाच दिशेला बोट दाखवतात आणि ती दिशा अल्टरनेटरची नाही, ईसीयूची तर मुळीच नाही. दोष अर्थिंगमध्ये आहे, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेत.

गाडीत बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून प्रत्येक दिव्याला स्वतंत्र वायर जाते, पण परत येताना सर्वांची वाट चेसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा) आणि बॉडीच्या लोखंडावरूनच असते. मागच्या दिव्याच्या घरात ब्रेक, पार्किंग आणि इंडिकेटर यांचा अर्थ एकाच बारीक वायरने चेसिसला जोडलेला असतो. ती जोडणी गंजून तुटली, की ब्रेकचा २१ वॉटचा तंतू पार करून आलेल्या विजेला चेसिसवर उतरता येत नाही; मग ती त्याच बल्बमधल्या ५ वॉटच्या तंतूतून उलट्या दिशेने शिरते, पार्किंगच्या वायरवर चढते आणि पुढच्या पार्किंग दिव्यांतून व डॅशबोर्डच्या दिव्यांतून चेसिस गाठते. आपला डॅशबोर्ड ब्रेकबरोबर उजळतो तो यामुळे. इंडिकेटरबरोबर लाल दिवा लुकलुकतो त्याचेही कारण हेच. यात ईसीयूचा काय दोष?

आता केबल गरम होण्याविषयी. ड्रायव्हरने सांगितलेले ते लक्षण सर्वांत मोलाचे होते आणि नेमके तेच आपण शेवटी, जाता जाता लिहिले आहे. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ दोनशे अँपिअरच्या घरात वीज ओढतो. इंजिन रबरी माउंटवर बसलेले असल्यामुळे ही सगळी वीज इंजिनकडून चेसिसकडे जाते ती तांब्याच्या एका विणलेल्या पट्टीतून. ती पट्टी कुजली, की वीज दुसरी धातूची वाट शोधते आणि गिअरची किंवा क्लचची केबल तिला आयतीच सापडते. पट्टीच्या जोडात केवळ ०.०१ ओहम इतका अडथळा आला, तरी दोनशे अँपिअरला त्यावर २ व्होल्ट खर्च होतात. साध्या मीटरच्या ओहमच्या पट्ट्यावर हा अडथळा दिसत नाही, टेस्ट लॅम्पही व्यवस्थित लागतो, म्हणून मग वायरमन म्हणतो की अर्थ ठीक आहे. ग्लो प्लगचा (थंड डिझेल इंजिन सुरू करताना आत ऊब देणाऱ्या प्लगचा) अर्थही इंजिनच्या लोखंडावरूनच असल्यामुळे थंडीत त्रास दुप्पट होतो.

आपण मासळी आणता हे वाचताच मला अर्धे उत्तर मिळाले. मासळीच्या खोक्यांतला बर्फ वितळून जे खारे पाणी हौद्याच्या फटींतून खाली ठिबकते, ते थेट मागच्या दिव्यांच्या सॉकेटवर आणि चेसिसच्या अर्थ-बोल्टवर पडते. नुसत्या पावसाने जे व्हायला दहा वर्षे लागतील ते या पाण्याने दोन वर्षांत होते. अशा गाड्यांची वायर सोलली, की वीतभर आतपर्यंत तांबे हिरवे किंवा काळे पडलेले सापडते.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा (क्लॅम्पवर नव्हे, खांबाच्या शिशावरच), लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या आत आकडा आला तर उत्तम, ०.५ च्या वर गेला तर दोष सापडला असे समजा. नंतर लाल पिन चेसिसवर ठेवून तेच पुन्हा करा, म्हणजे अडथळा बॅटरी ते चेसिस या टप्प्यात आहे की चेसिस ते इंजिन या टप्प्यात, हे वेगळे होईल. गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक ओढलेला, एवढे न विसरता.

निवृत्त_यंत्रशिक्षक

वरील विवेचन मान्य आहे, तथापि सर्व तक्रारी एकाच दोषावर घालण्याची घाई करू नये असे मला वाटते. अर्थ खराब असेल तर सेल्फ रोजच कुरकुर करायला हवा. प्रश्नकर्ते मात्र सुट्टीनंतरचा उल्लेख करतात, याचा अर्थ उभ्या गाडीत बॅटरी उतरते आहे. त्यासाठी दोन शक्यता तपासाव्यात. पहिली, अल्टरनेटरमधला डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. इंजिन चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर घ्यावा आणि बॅटरीच्या खांबांवर लावावा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा वर असेल तर डायोड गेलेला असण्याची शक्यता मोठी, आणि असा डायोड इंजिन बंद असतानाही बॅटरी पितो. दुसरी शक्यता, बाहेरून बसवलेले एखादे उपकरण.

त्यासाठी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून खांब आणि केबल यांच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावावा, दारे बंद करावीत आणि अर्धा तास थांबावे, कारण आजच्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक भाग झोपी जायला वेळ घेतात. त्यानंतर ०.०५ अँपिअरपर्यंतचा आकडा स्वाभाविक धरावा. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नये, मीटरचा फ्यूज तत्क्षणी उडेल.

करवीर_भाजीवाहतूक

आपणा सर्वांचे आभार. रविवारी धाकट्या भावाला हाताशी घेऊन सर्व मोजमापे केली, ती जशीच्या तशी देतो.

सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन खांबांमध्ये १०.३ व्होल्ट. निगेटिव्ह खांब ते चेसिस ०.२, निगेटिव्ह खांब ते इंजिन १.६. पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा बोल्ट ०.३. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले असताना बॅटरीवर १३.८ आणि अल्टरनेटरच्या बोल्टवर त्याच्याच अंगाच्या संदर्भात १४.३. एसी व्होल्ट फक्त ०.०५. डाव्या हेडलाइटच्या सॉकेटवर ११.४. सर्व बंद करून अर्ध्या तासाने ०.४२ अँपिअर वीज जात होती. एकेक फ्यूज काढत गेलो, पण आकडा जागचा हलला नाही.

गाडीखाली शिरून पाहिले तेव्हा इंजिनची ती पट्टी वरून धड दिसत होती, परंतु हाताने वाकवताच निम्म्याहून अधिक तारांचा भुगा झाला. मागच्या दोन्ही दिव्यांचा अर्थ-बोल्ट तर ओळखूही येईना.

उद्यमनगर_वायरमन

आकडे स्वच्छ आहेत. चेसिसपर्यंत ०.२ आणि इंजिनपर्यंत १.६, म्हणजे १.४ व्होल्ट एकट्या त्या पट्टीवर जात आहेत. १०.३ मधून १.६ आणि ०.३ वजा केले तर सेल्फच्या वाट्याला ८.४ व्होल्ट उरतात. चांगला सेल्फही एवढ्यावर कण्हणारच. अल्टरनेटर १४.३ देतो आणि एसी नगण्य आहे, तेव्हा गुरुजींनी सांगितलेल्या डायोडच्या शंकेतून तो सुटला. तो बदलण्याचा सल्ला ज्याने दिला, त्याच्याकडे पुन्हा जाण्याचे कारण नाही.

पट्टी नवीन बसवताना दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज उघडे लोखंड दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळल्यावरच वरून ग्रीस लावा. शक्य असेल तर बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टपर्यंत ३५ चौरस मिलिमीटरची आणखी एक केबल टाका. मागच्या दिव्यांचा अर्थ मात्र पुन्हा त्या बोल्टवर देऊ नका. दोन्ही दिव्यांपासून स्वतंत्र वायर ओढून ती केबिनच्या मागे, पाणी न पोहोचणाऱ्या जागी चेसिसला बांधा. हिरवे पडलेले तांबे नुसते पिळून जोडू नये, चकचकीत तांबे लागेपर्यंत वायर कापावी. काम सुरू करताना निगेटिव्ह आधी सोडायचा आणि शेवटी लावायचा, नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकून ठिणगी पडते.

०.४२ अँपिअरबद्दल: फ्यूज काढूनही आकडा हलत नाही, याचा अर्थ ती वायर फ्यूजबॉक्सला वळसा घालून थेट बॅटरीवर आली आहे. म्युझिक सिस्टिम कोणी बसवली?

करवीर_भाजीवाहतूक

महामार्गावरच्या एका दुकानात बसवली होती. आपला प्रश्न वाचून लगेच पाहिले: सेटची पिवळी आणि लाल अशा दोन्ही वायरी एकत्र पिळून सरळ बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडल्या आहेत, मध्ये फ्यूजही नाही. त्या सोडताच आकडा ०.०३ वर आला.

निवृत्त_यंत्रशिक्षक

०.४२ अँपिअर म्हणजे दिवसाला सुमारे दहा अँपिअर-तास. ६५ अँपिअर-तासांची बॅटरी असेल, तर दोन दिवसांच्या सुट्टीत तिचा जवळपास तिसरा हिस्सा रिकामा होतो. दोन बॅटऱ्यांचे आयुष्य त्यातच गेले असावे, कारण अर्धवट उतरलेल्या अवस्थेत शिशाच्या पत्र्यांवर सल्फेटचा थर घट्ट होत जातो. पिवळी वायर स्मृतीसाठी कायम पुरवठ्यावर ठेवावी, लाल वायर चावीवर चालू होणाऱ्या पुरवठ्यावर घ्यावी आणि दोन्हींना फ्यूज द्यावा. फ्यूज नसलेली थेट वायर दारात किंवा हौद्याच्या कडेला घासली गेली, तर गाडी पेटू शकते. ही गोष्ट मी बॅटरी उतरण्यापेक्षा गंभीर मानतो.

आंबा_घाट_रोज

हेडलाइटकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहितो. बॅटरीवर १३.८ आणि सॉकेटवर ११.४, म्हणजे २.४ व्होल्ट स्विच आणि बारीक वायरींतच जिरतात. व्होल्टेज दहा टक्के उतरले तर अशा बल्बचा उजेड सुमारे तीस टक्के उतरतो. आपल्या हिशेबात तो जवळपास निम्म्यावर येतो. मूळचे ६०/५५ चे दोन बल्ब अप्परला (दूरच्या झोताला) सुमारे दहा अँपिअर घेतात, १००/९० चे दोन सोळा-सतरा घेतात, आणि वायर व स्विच तेच जुने. स्विचची मूठ गरम लागते का, ते एकदा पाहा. मोठे बल्ब काढून मूळचे बसवा आणि डिपर (जवळचा झोत) व अप्परला एकेक रिले (किरकोळ विजेवर मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच) द्या: ३० क्रमांकाच्या पिनला बॅटरीकडून फ्यूजमार्गे जाड वायर, ८७ वरून दिव्याला, आणि ८५-८६ वर स्विचची जुनी वायर व अर्थ. स्विचमधून मग केवळ रिलेच्या गुंडाळीपुरती किरकोळ वीज जाते. आंबा घाटातल्या धुक्यात मी याच जोडणीवर सहा वर्षे गाडी चालवतो आहे.

करवीर_भाजीवाहतूक

पंधरा दिवसांनी लिहितो आहे. नवी पट्टी, गिअरबॉक्सपर्यंतची जादा केबल, मागच्या दिव्यांचा स्वतंत्र अर्थ, दोन रिले आणि मूळचे बल्ब एवढे काम झाले. सेल्फ मारताना निगेटिव्ह खांब ते इंजिन आता ०.१५ व्होल्ट येतात, हेडलाइटच्या सॉकेटवर १३.५. दोन दिवस उभी ठेवूनही गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली आणि ब्रेक दाबल्यावर डॅशबोर्ड काळोखातच राहतो. एकूण खर्च नव्या बॅटरीच्या निम्म्याहूनही कमी झाला.

एक शंका उरली आहे. हौद्याखाली मासळीचे पाणी मागच्या दिव्यांपासून दूर जावे यासाठी पत्र्याची पन्हळ लावून घ्यायची आहे आणि ती जागेवरच वेल्डिंग करावी लागेल. त्यासाठी काही खबरदारी?

उद्यमनगर_वायरमन

बॅटरीच्या दोन्ही केबल सोडा, अल्टरनेटरचा आणि ईसीयूचा सॉकेटही काढून ठेवा. वेल्डिंगचा अर्थ-चिमटा, जिथे वेल्ड मारायचा त्याच्या वीतभर अंतरावरच लावायला सांगा. पुढच्या बंपरला लावू देऊ नका, नाहीतर वेल्डिंगची वीज संपूर्ण गाडीतून फिरून येईल. आणि वेल्डिंगच्या आधी, हौद्याखालून जाणारी वायरिंगची माळ खाली उतरवून ओल्या गोणपाटाने झाका.