मॉर्मनांच्या नाचाला मुलीला नेलं म्हणजे धर्म विकला?

मेघमल्हार

परवा 'रोखठोक' यांनी अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मराठी पालकांवर एक लेख टाकला. त्याचं सार असं: शाळेतल्या मैत्रिणीने बोलावलं म्हणून पोरांना मॉर्मनांच्या, म्हणजे इथल्या एका ख्रिस्ती पंथाच्या, युवा संगीतसभेला आणि नाचाला नेणारे आईबाप आळशी आहेत, फुकटच्या करमणुकीपायी मुलांना मिशनऱ्यांच्या हवाली करतात आणि पुढे रडत बसतात. मी त्याच आईबापांपैकी एक. उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

आम्ही सगळे गेलो होतो. मी, नवरा, पंधरा वर्षांची मुलगी, बारा वर्षांचा मुलगा आणि उन्हाळ्यासाठी आलेल्या सासूबाई. पायोनियर डेच्या, म्हणजे मॉर्मन या खोऱ्यात पोचले त्या २४ जुलैच्या सणाच्या, आधीचा शनिवार. आधी तासभर गाणं. चौदा ते अठराची पोरं, साथीला ऑर्गन आणि दोन चेलो, आणि समूहगान चार आवाजांत, म्हणजे एकाच वेळी चार निरनिराळे सूर. ही मुलं दर रविवारी आईबापांच्या शेजारी चार आवाजांत गातात, त्यामुळे त्यांना ते बोलण्याइतकं सहज येतं. सासूबाई भजनी मंडळात आयुष्यभर गायल्या आहेत. त्या शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत होत्या.

मग मधलं सरकतं दार उघडलं. प्रार्थनागृहाला लागूनच बास्केटबॉलचं मैदान असतं, तिथेच नाच. वॉर्डाचा, म्हणजे तिथल्या मंडळीचा, बिशप स्वतः खुर्च्या उचलत होता. आठवडाभर तो दातांचा दवाखाना चालवतो, चर्चकडून त्याला छदामही मिळत नाही. सुरुवातीला प्रार्थना, मग दणदणीत गाणी. दिवे मात्र चालूच. संथ गाण्याला जोडीने नाचायचं, पण अंतर राखून. कोणी भिंतीला टेकून एकटं उभं दिसलं तर जाऊन विचारायचं, हे पोरांना आधीच सांगून ठेवलेलं होतं आणि ती ते खरोखर करत होती. माझी मुलगी शाळेत 'ती भारतीय मुलगी' म्हणून कोपऱ्यात बसते. त्या रात्री ती एकही गाणं बसली नाही. मुलाला आत घेतलं नाही, कारण ज्या वर्षी चौदा पूर्ण होणार त्या जानेवारीपासूनच प्रवेश. तो चिडला, पण नियम सगळ्यांना सारखा होता. रविवार त्यांचा पवित्र दिवस, तो लागायच्या आत संपवायचं असतं, त्यामुळे अकराला आम्ही घरी.

हा नाच आपल्या पोरांना गळाला लावायला काढला आहे असं रोखठोक लिहितात. जानेवारी १८४७ मध्ये, युटाकडे निघालेली माणसं वाटेतल्या विंटर क्वार्टर्सच्या तळावर थंडीत मरत असताना, त्यांचा नेता ब्रिगॅम यंगने लिहून ठेवलेल्या आदेशात आनंद झाला तर गा, वाजवा, नाचा आणि देवाची स्तुती करा असं आहे. त्यांच्या धर्मग्रंथात तो आजही छापला जातो. गाड्या ओढत आलेली माणसं रात्री फिडलवर नाचायची. १८६२ साली, गावाला पंधरा वर्षंही झाली नव्हती, तेव्हा त्यांनी सॉल्ट लेकमध्ये नाटकगृह उघडलं. नाचगाणं हा त्यांच्या धर्माचा भाग आहे. आपण तिथे नव्हतो तेव्हाही ते नाचतच होते.

दारू नाही, हातात फोन नाही आणि पंधरा वर्षांची मुलगी मनसोक्त नाचते, अशी दुसरी जागा या खोऱ्यात मला दाखवा. मी तिथे नेईन.

रोखठोक

तुम्ही संध्याकाळ सांगितलीत, मी पुढची वर्षं सांगतो.

माझ्या मावसभावाचा मुलगा. त्याचीही सुरुवात नाचानेच झाली. मग बुधवारचं बास्केटबॉल. मग शाळेला लागून असलेल्या इमारतीत सेमिनरीचा, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाचा, तास, कारण सगळे मित्र त्या तासाला तिकडेच जात. अल्पवयीन मुलाचा बाप्तिस्मा ते आईबापांच्या परवानगीशिवाय करत नाहीत, हे मान्य. त्याने अठरा पूर्ण व्हायची वाट पाहिली. पुढे दोन वर्षं मिशनवर, धर्मप्रचाराला. तेव्हा घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मदर्स डेला. आणि २०१६ साली लग्न, सॉल्ट लेकच्या मॉर्मन मंदिरात. आत फक्त चर्चचं शिफारसपत्र असलेले सभासद. माझी वहिनी पैठणी नेसून, मुंडावळ्या पर्समध्ये घेऊन, बाहेर फुलांच्या वाफ्याशेजारी बसून होती. पोटच्या पोराच्या डोक्यावर तिला अक्षता टाकता आल्या नाहीत.

आता मला ब्रिगॅम यंगचा फिडल सांगू नका.

प्राजक्ता_प्रोव्हो

रोखठोक, वाचून वाईट वाटलं. पण अर्धीच माहिती देऊ नका. मे २०१९ पासून आधी सगळ्यांसमक्ष लग्न लावून लगेच मंदिरात जाता येतं. त्याआधी अमेरिकेत तसं केलं तर मंदिरासाठी वर्षभर थांबावं लागायचं, ती अट काढली. आमच्या ओळखीच्या मुलीचं सकाळी मंगलाष्टकांसह लागलं आणि दुपारी ते दोघे मंदिरात गेले.

रोखठोक

ठीक आहे, अट काढली. माझ्या वहिनीला तीन वर्षं उशीर झाला. दुपारच्या विधीला मुलीची आई आत होती का?

प्राजक्ता_प्रोव्हो

नव्हती.

जुना_कॅम्पवाला

थोडं अवांतर, पण आपल्या गावाशी संबंध आहे म्हणून लिहितो. मॉर्मन मिशनरी आणि मराठी मुलूख यांची ओळख युटात झालेली नाही. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी १८५२ साली मुंबईला उतरला आणि तिथून पुण्याला गेला. छावणीतल्या गोऱ्या शिपायांमध्ये त्याने प्रचार केला, लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला विरोध केला, तरी पुण्यात छोटी शाखा उभी राहिली. काही वर्षांत सगळं आवरून ते परत गेले. भारतातलं त्यांचं पहिलं मंदिर जाहीर व्हायला २०१८ उजाडलं, तेही बंगळुरूला. पावणेदोनशे वर्षांत आपल्याकडे त्यांच्या हाती फारसं काही लागलेलं नाही. एका नाचाने मराठी समाज बुडेल ही भीती मला अवाजवी वाटते.

रोखठोक

काका, पुण्यात ते परके होते. इथे परके आपण आहोत. आमच्या लेही गावात माझ्या मुलाच्या वर्गात रविवारी खेळायला मिळेल असा मित्र शोधावा लागतो. चौदा वर्षांच्या पोराला देवधर्म नको असतो, मित्र हवे असतात. मित्र सगळे एकाच दारातून आत जात असतील तर तोही जाणारच. तिथे कोणी जबरदस्ती करत नाही, म्हणून तर ते अडवता येत नाही.

अबोली

मीही त्या कार्यक्रमाला होते, माझा मुलगा गाण्यात होता. मेघमल्हार, सगळं लिहिलंत, जॅकेटची गोष्ट का गाळलीत? तुमच्या मुलीने घागरा-चोळी घातली होती. दारातल्या बाईंनी गोड हसून तिला खांदे आणि पोट झाकायला डेनिमचं जॅकेट दिलं. ते तिने रात्रभर घातलं होतं. मी पाहिलं.

मेघमल्हार

मुलीने लिहू नकोस म्हटलं होतं म्हणून लिहिलं नाही. आता तुम्ही चव्हाट्यावर आणलंच आहे, तर तिला विचारून सांगते. त्या बाईंनी विचारलं, बळजबरी केली नाही. मुलगी म्हणाली चालेल, आणि आत गेली. दुसऱ्याच्या घरी पाहुणे गेलो तर त्यांच्या रीतीने वागतो. गुरुद्वारात डोकं झाकता ना?

चकली

गुरुद्वारात पुरुषही झाकतात. या नाचात किती मुलग्यांना जॅकेटं वाटली?

मी सांगलीच्या शाळेत शिकले. ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिन नसेल तर बाई वर्गाबाहेर उभं करायच्या, मुलांच्या वर्गासमोर. चाळीशी उलटली तरी मी अजून गर्दीत शिरताना हात छातीशी नेते. 'गोड हसून' दिलं म्हणून ते वेगळं होत नाही. मुलीच्या मनात एकच गोष्ट राहते, की माझ्या अंगात काहीतरी लपवण्यासारखं आहे. साडीत पोट दिसतं, पिढ्यान्पिढ्या दिसत आलंय, आपल्या आज्या तशाच देवळात गेल्या. हे लोक कोण सांगणारे?

प्राजक्ता_प्रोव्हो

२०२२ साली त्यांनी तरुणांनी कसं वागावं याची पुस्तिका नव्याने काढली. आधीच्यात खांदे, पोट, कानात एकच जोडी, सगळी यादी होती. नव्यात यादी काढून टाकली आणि तुम्हीच विचार करून ठरवा असं म्हटलं. ते जॅकेट त्या बाईंची वैयक्तिक सवय असणार.

चकली

पुस्तिका बदलली आणि जॅकेटांची टोपली दारातच राहिली. सांगलीच्या बाईंनाही कुठल्या पुस्तिकेने सांगितलं नव्हतं.

मेघमल्हार

चकली, तुमच्यावर जे झालं ते भयंकर होतं. पण माझ्या मुलीला तुमच्या जागी उभं करू नका. आणि खरं सांगू का, जॅकेट दिल्यावर सर्वांत खूश कोण झालं असेल तर माझ्या सासूबाई. म्हणाल्या, मी घरीच सांगत होते. गणपतीच्या कार्यक्रमात याच चोळीवरून आपल्याच दोन काकूंनी तिला ऐकवलं होतं, तेही सगळ्यांसमोर, आणि जॅकेट न देता.

रोखठोक

हे मात्र खरं आहे. आमच्या मुलीनेही त्याच कारणाने मंडळात जाणं सोडलं. पण म्हणून काय, आपल्या काकू वाईट म्हणून त्यांच्या काकूंकडे जायचं?

अबोली

माझा आक्षेप चोळीवर नव्हताच. मुलगी हसत होती, मान्य. पण घरी पोचल्यावर जॅकेट परत करायचं राहिलं म्हणून ती रडली, हे तुम्हीच मला फोनवर सांगितलंत.

मेघमल्हार

फोनवरचं इथे लिहिण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? ती रडली कारण दुसऱ्याची वस्तू चुकून आली. जॅकेट आम्ही रविवारी नेऊन दिलं. यापुढे तुमच्याशी फोनवर बोलणार नाही.

चकली

पंधरा वर्षांची मुलगी जॅकेट परत करायचं राहिलं म्हणून रडत नाही हो, मेघमल्हार.

निळावंती

जॅकेटावर इतके प्रतिसाद आलेत. मला दुसरंच काही सांगायचं आहे.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, गे आहे. आम्हाला गेल्या वर्षी सांगितलं. तो अशा नाचांना दोन वर्षं गेला. सगळे त्याच्याशी चांगलं वागले, मुलींनी आपणहून नाचायला बोलावलं. परत येताना गाडीत तो गप्प असायचा. नंतर म्हणाला, आई, तिथे सगळे प्रेमळ आहेत, आणि मी कोण आहे हे मी तिथे कधीच सांगू शकणार नाही. समलिंगी विवाह केलेल्या सभासदांना धर्मत्यागी ठरवणारा नियम त्यांनी २०१५ च्या नोव्हेंबरात आणला आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये मागे घेतला, हे मला माहीत आहे. पण त्या मैदानावर मुलगा मुलीलाच विचारतो. मेघमल्हार म्हणतात एकही मूल भिंतीला टेकून राहत नाही. माझा राहत नव्हता. त्याला दर वेळी नाचावं लागत होतं.

जुना_कॅम्पवाला

निळावंती, मुलाला आशीर्वाद. चकली यांच्याबद्दल एवढंच, की पुण्यातल्या शाळांतही ओढणीचा तोच प्रकार होता, तो सांगलीपुरता नव्हता.

चकली

तो सांगलीपुरता होता असं मी कुठे म्हटलं?

निळावंती

ओढणीला उत्तर आलं. माझ्या मुद्द्याला कोणीच हात लावला नाही.

मेघमल्हार

निळावंती, मी लावते. तुमच्या मुलासाठी ती जागा चांगली नाही. माझ्या मुलीसाठी आहे. दोन्ही खरं आहे आणि मी माझं वाक्य मागे घेणार नाही, कारण त्या रात्री मी जे पाहिलं ते तसंच होतं. पण नाचाला आलेल्या प्रत्येक पोराला ती संध्याकाळ तशीच गेली, असं मी यापुढे लिहिणार नाही.

रोखठोक, तुमच्या वहिनींची गोष्ट मी मुलीला सांगितली. मंदिर, शिफारसपत्र, बाहेर बसलेली आई, सगळं. तिने विचारलं, त्याला लग्नाआधी माहीत नव्हतं का की आई आत येऊ शकणार नाही? मी म्हटलं, माहीत असणारच. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली पुढच्या नाचाला जायचंय. मी नेणार आहे.

रोखठोक

न्या. तिला माहीत असून ती जातेय, हा फरक मी मान्य करतो. माझ्या पुतण्याला कोणी आधी सांगितलं नव्हतं. पण माझं मत तेच आहे, आणि माझा मुलगा जाणार नाही.

अबोली

त्याला विचारलंत?