व्याकरण येतं, तोंड उघडत नाही: इंग्रजीच्या बॅचसाठी पद्धत सुचवा

खडूडस्टर: नागपूरला महाल भागात संध्याकाळची बॅच. बारावी झालेली १८ मुलं, आठवड्यातून ३ दिवस, तासभर. रिकाम्या जागा अचूक भरतात, पण बोलायला जोडीनं बसवलं की मराठीत गप्पा. हाताशी फळा आणि झेरॉक्स, बस. काय करावं?

बर्डीकर: नुसतं 'बोला' म्हणून कोणी बोलत नाही. एकाजवळची माहिती दुसऱ्याला हवी असली पाहिजे. मेट्रोचा नकाशा घ्या. 'अ' कागदावर ऑरेंज लाइनची ५ स्टेशनं खोडा, 'ब'वर ॲक्वा लाइनची. सीताबर्डीला दोन्ही लाइन मिळतात, ते दोन्हींवर राहू द्या.

आधी प्रश्न घोटून घ्या, पण मागून: 'आफ्टर अजनी', 'कम्स आफ्टर अजनी', 'व्हिच स्टेशन कम्स आफ्टर अजनी?' पुढून जोडत गेलात तर मुलं वाक्याचा शेवट गिळतात. मग पाठीला पाठ लावून बसवा. समोरासमोर बसले की कागदात डोकावतात आणि बोलायची गरजच संपते. वेळ ६ मिनिटं. मध्ये चुका काढू नका, ५-६ टिपून ठेवा आणि शेवटी नाव न घेता फळ्यावर लिहा. दुरुस्ती मुलांनीच करायची.

मराठीचं म्हणाल तर काम समजावताना खुशाल वापरा. हातवारे करत ५ मिनिटं घालवण्यात काही हशील नाही. सुरू झाल्यावर मात्र बंद.

वऱ्हाडीमास्तर: चुका टिपताना एक हमखास सापडेल: 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग'. हे आपलं वऱ्हाडी 'मले समजून नाही राहिलं'! 'तो चहा पिऊन राहिला'ला 'इज ड्रिंकिंग' बरोबर बसतं, म्हणून मुलं तोच साचा 'नो', 'अंडरस्टँड', 'बिलाँग'ला लावतात. सहसा 'इंग' न लागणाऱ्या या क्रियापदांची वेगळी यादी भिंतीवर लावा.

आणि 'समजलं का?' विचारूच नका, 'हो सर' ठरलेलं आहे. 'आय यूज्ड टू लिव्ह इन वर्धा' (पूर्वी वर्ध्यात राहायचो) शिकवलंत तर विचारा, 'डू आय लिव्ह देअर नाउ?' 'येस' आलं की ओळखा, पोरानं 'यूज्ड टू'चा अर्थ सवय असा घेतलाय.

खडूडस्टर: नकाशा उद्याच काढतो. उच्चारांचं काय? व्ही आणि डब्ल्यू सारखेच येतात.

वऱ्हाडीमास्तर: देवनागरीत दोन्हींना कधी 'व', कधी 'व्ह' लिहितात ना, म्हणून. वहीत उच्चार देवनागरीत लिहू देऊ नका. रोज ५ मिनिटं पुरतात. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, आवाज लांबवला की ओठ गुदगुल्या झाल्यासारखा थरथरतो. डब्ल्यूला ओठ शिट्टीसारखे गोल, दातांचा संबंध नाही. पण आधी कान तयार करा: तुम्ही 'व्हेस्ट' (vest) म्हटलं तर मुलांनी एक बोट दाखवायचं, 'वेस्ट' (west) म्हटलं तर दोन, डोळे मिटून, नाहीतर शेजाऱ्याचं बोट पाहून उत्तर येतं. कानाला फरक कळल्याशिवाय बोलायला लावलं तर स्वतःची चूक स्वतःला ऐकूच येत नाही.

खडूडस्टर: १७च आले तर जोडी कशी लावू?

बर्डीकर: तिघांचा एक गट. दोघांत मिळून एक 'ब' कागद, पण उत्तरं आळीपाळीनं. नाहीतर हुशार असतो तोच बोलतो.