सल्ला हवा: अद्भुतकथांचा अभ्यास आणि रोलप्लेइंग गेम रचणं, दोन्ही एकत्र जमेल का? (नागपूर)

सावजी_सूत्रधार

नमस्कार मंडळी. नागपुरात एमए इंग्रजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे पीएचडी करायची ती अद्भुतसाहित्यावरच, एवढं ठरलंय.

दर रविवारी प्रतापनगरला एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही पाच जण टेबलावरचा रोलप्लेइंग गेम खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एक जण सूत्रधार, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, गोष्ट बोलत बोलत पुढे न्यायची आणि अडलं की फासा टाकायचा. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला, तिथून हे प्रकरण सुरू झालं. दोन वर्षं दुसऱ्यांचे नियम वापरले. आता स्वतःचा गेम रचतोय, वेताळपंचविशीवर.

दुखणी दोन. ज्या सरांकडे मार्गदर्शनासाठी गेलो ते म्हणाले, "गेम सुट्टीत खेळा, इथे साहित्याचं बोला." आणि दुसरं म्हणजे गेम पहिल्याच रविवारी आपटला. गोष्टीतला नियम मी जसाच्या तसा उचलला होता. उत्तर माहीत असून गप्प राहिलात तर डोक्याची शकलं, आणि बोललात तर वेताळ परत झाडावर. मला वाटलं काय भारी पेच आहे! वेताळाने पहिला प्रश्न विचारला आणि चौघंही म्हणाले, "आपल्याले नाही माहीत." झालं. वीस मिनिटांत खेळ खलास, सगळे तर्री-पोहे खायला.

तर अभ्यास आणि गेम दोन्ही नीट केलेलं कुणी आहे का? काय वाचू? आणि हा नियम वाचवता येईल का?

पुणेरी_फासा

आहेत की. ग्रेग स्टॅफर्डपासून सुरुवात कर. प्राध्यापक नव्हता, पण आर्थर राजाच्या कथा त्याने किती मुरवून वाचल्या होत्या ते त्याच्या पेंड्रॅगन या गेममध्ये (१९८५) दिसतं. त्यात प्रत्येक सरदाराला स्वभावाच्या १३ जोड्या असतात. दया-क्रौर्य, विनय-गर्व, विश्वास-संशय अशा. प्रत्येक जोडीची बेरीज २०. दया १५ झाली की क्रौर्य आपोआप ५. मोक्याच्या वेळी फासा त्यावर टाकायचा, आणि कधी कधी तुझा सरदार तुझं न ऐकता संतापून बसतो. त्या जुन्या कथांमधली माणसं अशीच तर वागतात. शपथ घेतात आणि स्वतःच्याच स्वभावाला ठेचकाळतात. हे त्याने प्रस्तावनेत सांगितलं नाही, आकड्यांत बसवलं. माझ्या लेखी ही समीक्षाच आहे.

दुसरा केनेथ हाइट. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराच्या कथांवर एकेक करून टिपणं लिहिलीत आणि त्याच जगावर २००८ साली गेमही केला. त्यात पुरावा शोधायला फासा टाकावाच लागत नाही (ही मूळ युक्ती रॉबिन लॉजची). योग्य ठिकाणी योग्य माणूस गेला की पुरावा मिळतोच. त्या कथांत माहिती मिळत नाही म्हणून कुणी मरत नाही, मिळते म्हणून वेडं होतं. तुझ्या वेताळाला हे लागू पडेल बघ.

बुर्डीचा_बोका

एम. ए. आर. बार्कर राहिलाच काऊन? मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाई भाषांचा प्राध्यापक. क्लॅमथ या अमेरिकन आदिवासी भाषेचा शब्दकोश केला, उर्दूचं जाडजूड पाठ्यपुस्तक लिहिलं, आणि १९७५ साली स्वतःच्या टेकुमेल या जगावर गेम काढला. त्या जगातल्या भाषांना व्याकरणं आहेत भाऊ, लिप्या आहेत! प्राध्यापक आणि गेमवाला एकाच कातडीत पाहिजे तर हाच माणूस.

काळी_मारबत

बोकाभाऊ, अर्धीच गोष्ट सांगून राहिले तुम्ही. याच बार्करने १९९१ साली टोपणनावाने नाझी विचारांची कादंबरी लिहिली होती. टेकुमेलचं काम बघणाऱ्या संस्थेनेच २०२२ मध्ये ते जाहीर कबूल केलं. धागाकर्त्याने त्याच्या भाषा जरूर अभ्यासाव्यात, पण "आदर्श" म्हणून भिंतीवर लावू नये.

बुर्डीचा_बोका

हे ठाऊक नव्हतं. सुन्न झालो.

निवृत्त_मास्तरीण

सूत्रधारा, मी तुझ्याच गावची, धरमपेठेची. तीस वर्षं मराठी शिकवलं. फाशांतलं मला काही कळत नाही, पण वेताळ कळतो.

आधी तुझ्या सरांबद्दल. गुणाढ्याने बृहत्कथा पैशाची या प्राकृत भाषेत लिहिली, सात लाख श्लोक. सातवाहन राजाने भाषा बघूनच नाक मुरडलं. मग हा रानात बसून एकेक पान वाचे आणि आगीत टाकी, नि जनावरं चरणं सोडून ऐकत बसत. राजाच्या ताटात सुकलेलं मांस यायला लागलं तेव्हा चौकशी झाली. तोवर सहा लाख जळले होते. उरलेल्या एका लाखावर, अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने आपल्याला कथासरित्सागर दिला, आणि तुझा वेताळ त्यातच लटकलेला आहे. तेव्हा सरांनी नाक मुरडलं म्हणून पानं जाळू नकोस, दुसरे सर शोध.

आता नियम. तुझी मुलं "माहीत नाही" म्हणून सुटली, कारण तू वेताळाला प्रश्नमंजूषेचा निवेदक केलास. तो माहिती विचारतच नाही रे, न्याय विचारतो. ती मंदारवतीची गोष्ट घे. मुलगी मरते. तिला मागणी घातलेल्यांपैकी एक तिच्या राखेवर झोपतो, एक अस्थी गंगेला नेतो, एक भटकत जाऊन मेलेल्याला उठवायचा मंत्र आणतो. ती जिवंत होते. नवरा कोण? राजा म्हणतो, जीव दिला तो बाप, अस्थी नेल्या तो मुलगा, राखेवर झोपला तो नवरा. हे ऐकून मनात काहीच आलं नाही असा माणूस मला दाखव. मत आलं म्हणजे उत्तर माहीत झालं. मग गप्प बसणं हे खोटं बोलणं, आणि डोकं फुटतं ते त्यासाठी.

राजा खरोखर गप्प बसतो तो फक्त शेवटी. बाप आणि मुलगा वाटेत दोन बायकांची पावलं बघतात आणि ठरवतात की मोठं पाऊल ती बापाची, लहान ती मुलाची. निघतं उलटं. मोठ्या पावलांची मुलगी आणि लहान पावलांची तिची आई. शब्द दिलेला, म्हणून बाप मुलीशी लग्न करतो आणि मुलगा आईशी. त्यांच्या पोरांचं आपसात नातं काय? तिथे राजापाशी शब्दच नाही. तेवीस वेळा मत, चोविसाव्या, शेवटच्या प्रश्नाला भाषाच संपली.

पुणेरी_फासा

बाई, दंडवत. सूत्रधारा, मत आधी चिठ्ठीवर लिहून घे, मग बोलायचं की नाही ते ठरवू दे.

सालेकसा_एक्सप्रेस

एक विनंती. पुढेमागे "विदर्भाचं काहीतरी" म्हणून गोंडी कथांकडे वळशील. हिस्लॉप या मिशनरी साहेबाने नागपुरात बसून जमवलेलं आमच्या धर्मगुरू लिंगोचं गीत १८६६ साली छापलं गेलं, ते तुला मिळेलही. पण आमच्याकडे माघ पौर्णिमेला आमच्या तीर्थाला, कचारगडला, आजही लोक पायी चढून जातात. लिंगो आमच्यासाठी पात्र नाही. त्याला हिट पॉइंट (पात्र किती घाव सोसेल त्याचा आकडा) देऊ नको, दादा.

सावजी_सूत्रधार

सालेकसादादा, लक्षात ठेवीन. आधी कुणाला तरी विचारल्याशिवाय त्या वाटेला जाणार नाही.

रविवारचा अहवाल. चिठ्ठीचा नियम लावला. प्रत्येकाला डोक्याची सात शकलं म्हणून सात शेंगदाणे. प्रश्न ऐकला की मत लिहून चिठ्ठी उलटी ठेवायची. गप्प राहिलात आणि चिठ्ठीवर काही लिहिलेलं निघालं, तर एक दाणा वेताळ खाणार. चिठ्ठी कोरी ठेवायची मुभा होती, पण मंदारवतीला एकानेही कोरी ठेवली नाही. चाळीस मिनिटं भांडले! मंत्र आणणारा बाप कसा होईल यावर एक जण इतका तापला की स्वतःचाच दाणा खाऊन बसला.

मग हौसेने थेट चोविसावा काढला. चारही चिठ्ठ्या कोऱ्या. मी मनात म्हटलं, बाई जिंकल्या. तेवढ्यात मित्राची आई चहा घेऊन वर आली. काकूंनी विचारलं, काय चाललंय? मी पूर्ण गोष्ट सांगितली. काकू ट्रे खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "दोघांनाही पोरगेच झाले न? मग बापाचा पोरगा त्याचा काका, अन् तो याचा मामा. यात काय आहे एवढं?"

आणि खाली गेल्या. आता चोविसाव्या प्रश्नाचं काय करू?

निवृत्त_मास्तरीण

थांब, कागद घेते.

निवृत्त_मास्तरीण

दोनदा काढून पाहिलं. काकू बरोबर आहेत.