विद्यापीठातून निवृत्त झालेल्यांसाठी उपक्रम: व्याख्यानांना माणसे येत नाहीत, काय सुरू करावे?

बकुळ_अंगण
नमस्कार. आमच्या विद्यापीठात निवृत्त शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची मिळून एकच संघटना आहे. सभासद सव्वाशेच्या घरात. महिन्याला एक व्याख्यान, वर्षाकाठी एक सहल आणि कोजागिरी, एवढेच चालते. व्याख्यानाला ठरावीक पंधरा-वीस जण येतात, तेही बहुतेक प्राध्यापक. कार्यालय, ग्रंथालय, प्रयोगशाळा, उद्यान विभाग इथली मंडळी निवृत्तिवेतनाचे काही निघाले तरच फिरकतात. विद्यापीठ शनिवारी दुपारी एक वर्गखोली द्यायला तयार आहे. शिकणेही होईल, भेटीगाठीही होतील आणि दोन-तीन वर्षे टिकेल असे काय करता येईल? वेगळी नोंदणी लागेल का, हेही सांगा.

तिसरा_प्रहर
आधी व्याख्यान बाजूला ठेवा. निवृत्तांच्या शिक्षणाच्या दोन पद्धती जगात रुळल्या आहेत. १९७३ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला पिएर व्हेलास यांनी ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ सुरू केले. तिथे प्राध्यापक शिकवत आणि ज्येष्ठ शिकत. १९८१-८२च्या सुमारास केंब्रिजमध्ये पीटर लॅस्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळा रस्ता धरला. पगारी शिक्षक नाही, परीक्षा नाही, पदवी नाही. सभासदांनीच एकमेकांना शिकवायचे. तुमच्या यादीत जाणकार आणि जिज्ञासू दोन्ही आहेत, तेव्हा हीच पद्धत घ्या.

गट आठ ते बारा जणांचा असावा. पंधराच्या वर गेला की चौघेच बोलतात, बाकीचे ऐकतात आणि पुन्हा व्याख्यानच होते. फेरी सहा बैठकांची, दर पंधरवड्याला एक. सहावी झाली की गट जाहीरपणे संपवायचा आणि हवा असेल तर नव्याने नावे घ्यायची. मुदत नसलेला गट हळूहळू विझतो, कारण कंटाळलेल्याला संकोचामुळे सोडता येत नाही आणि नव्या माणसाला मध्येच शिरता येत नाही. बैठक दीड तासाची: वीस मिनिटे मांडणी, मग चर्चा, चहा आणि पुन्हा चर्चा. मांडणी दर वेळी वेगळ्याने करायची. घड्याळ मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. वर्षानुवर्षे तास घेतलेल्या माणसाला विसाव्या मिनिटाला आपणहून थांबणे जड जाते.

संयोजक त्या विषयाचा तज्ज्ञ नसावा, यावर ठाम राहा. संतसाहित्याच्या गटाची सूत्रे मराठीच्या माजी विभागप्रमुखांकडे दिली की बाकीचे वह्या काढून टिपणे घेऊ लागतात. तज्ज्ञ गटात जरूर असावेत, पण अडले तर विचारण्यापुरते.

सभासदांना अर्ज पाठवाल तेव्हा ‘कोणता विषय शिकवाल?’ हा प्रश्न नको. शिक्षकेतर मंडळी तो रकाना कोरा सोडतील. ‘नोकरीत कोणती कामे स्वतः करत होता?’ असे विचारा. म्हणजे बाइंडर, माळी, छपाई विभागातला जुळारी, काचसामान सांभाळणारा प्रयोगशाळा परिचर, सेवापुस्तके लिहिणारा अधीक्षक हे सगळे समोर येतील.

खळ_आणि_पुठ्ठा
वरच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. पहिली फेरी हाताच्या कामाची ठेवा आणि ती शिक्षकेतर सभासदाकडे द्या. पुस्तकबांधणी फार सोयीची. प्रत्येकाने घरचे एक फाटके पुस्तक आणायचे. खळीसाठी एक वाटी मैदा आणि पाच-सहा वाट्या पाणी. आधी मैदा थोड्या गार पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत सतत ढवळा. फ्रिजमध्ये चार दिवस राहते, आंबूस वास आला की टाकून द्या. पानाला सेलोटेप लावू देऊ नका. ती पिवळी पडते, डिंक कागदात मुरतो आणि नंतर काढताना अक्षरेही निघतात. पुठ्ठ्याची आणि कागदाची धार, म्हणजे तंतूंची दिशा, पुस्तकाच्या पाठीला समांतर हवी. आडवी गेली तर खळ सुकताना पुठ्ठा वाकतो. नवशिक्यांचे काम बिघडते ते बहुतेक इथेच.

दुसरी फेरी आवारातल्या झाडांची. माळीकाका आणि वनस्पतिशास्त्राच्या बाई दोघांनी मिळून चालवावी. सीझनवॉच या प्रकल्पात ठरवलेल्या झाडाची पालवी, फुले, फळे दर आठवड्याला नोंदवतात, त्यामुळे फिरायला जाणेही आपोआप होते. फेब्रुवारीत कॅम्पस बर्ड काउंट असतो. किमान पंधरा मिनिटे एका जागी किंवा चालत पक्षी मोजायचे आणि यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हयातीच्या दाखल्याची बैठक घ्या, तिला सगळे येतात. वयामुळे बोटांच्या रेषा पुसट होतात आणि ठशाचे यंत्र नकार देते. तेव्हा जीवन प्रमाणचे, म्हणजे सरकारच्या डिजिटल हयात-दाखल्याचे, चेहरा ओळखणारे ॲप वापरा. त्यासोबत आधार फेस आरडी हे ॲपही फोनवर असावे लागते. चेहऱ्यावर समोरून उजेड हवा, पाठीमागे खिडकी नको. निवृत्तिवेतन देणारे कार्यालय निवडताना घाई केली तर दाखला भलतीकडेच जातो. त्याच बैठकीत ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे पोलीस असल्याचे भासवून पैसे उकळणाऱ्या, फोनबद्दल बोला आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये जतन करून द्या.

अनुस्वार
मराठी विकिस्रोत या जुन्या पुस्तकांच्या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयासाठी मुद्रितशोधनाचा गट अवश्य करा. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो, त्यापुढची पुस्तके मुक्त होतात. यंत्राने ओळखलेला मजकूर मूळ पानाशी ताडून दुरुस्त करायचा. न तपासलेले पान लाल, एकाने तपासले की पिवळे आणि दुसऱ्याने पडताळले की हिरवे. यंत्र ‘ख’चा ‘रव’ करते, रफार आणि अनुस्वार गाळते. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईतले न उच्चारलेले अनुस्वार जसेच्या तसे ठेवायचे असतात. लेखन ‘सुधारण्याचा’ मोह प्राध्यापकांना फार होतो, तो पहिल्याच बैठकीत आवरायला सांगा. जुने टंकलेखक आणि मुद्रितशोधक या गटाचे खरे आधार.

नोंदवही
नोंदणीचे थोडक्यात. संघटना आधीच नोंदलेली असेल तर वेगळी संस्था काढू नका, कार्यकारिणीच्या ठरावाने उपसमिती नेमा. नसेल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात, आणि आपल्या राज्यात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी करावी लागते. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहून गेला की बँकेत सह्या बदलताना पैसे अडकतात. गटाची वर्गणी फेरीपुरतीच घ्या, चहा आणि साहित्याएवढी.

खोली प्रत्यक्ष शनिवारीच जाऊन पाहा. कार्यालयांना सुटी असली की लिफ्ट बंद, स्वच्छतागृहाला कुलूप आणि किल्ली कुणाकडे ते कळत नाही. तळमजला घ्या, हाताच्या खुर्च्या मागा. साडेतीनला सुरू करून पाचला संपवा. मोतीबिंदू असलेल्यांना समोरून येणाऱ्या दिव्यांची झळाळी सोसत नाही, म्हणून हिवाळ्यात ते अंधाराआधी घरी पोचले पाहिजेत. प्रश्न विचारणाऱ्यासाठीही माइक ठेवा. श्रवणयंत्र लावणाऱ्याला मागच्या रांगेतला आवाज गोंगाटात मिसळूनच ऐकू येतो.

बकुळ_अंगण
फार उपयोगी. एकच शंका. माजी अधिष्ठाता आणि माजी शिपाई एका टेबलाशी मोकळेपणाने बसतील का?

तिसरा_प्रहर
नुसते बसवले तर नाही बसणार. कामाने बसतील. नावाच्या पट्टीवर पद आणि ‘डॉ.’ लिहू नका, नाव आणि गाव लिहा. खुर्च्या गोलात मांडा, व्यासपीठ नको. चहा देण्याची पाळी आडनावाच्या अकारविल्हे लावा, नाहीतर ती सवयीने पुन्हा त्याच माणसांकडे आणि बायकांकडे जाते. पहिल्या फेरीत बांधणी, झाडे आणि विकिस्रोत असे तीनच गट काढा. नावनोंदणीसाठी नुसत्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका. शिक्षकेतर मंडळींना त्यांच्याच विभागातल्या कुणीतरी फोन करू दे.