बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशवीच्या ऑपरेशनला जबाबदार कोण, डॉक्टर की उचल?

बालाघाटकर
परवा एका ठिकाणी वाचलं की बीडमधला गर्भपिशव्या काढण्याचा विषय आता मिटलाय, सिव्हिल सर्जनच्या परवानगीशिवाय खाजगीत ऑपरेशन होत नाही, मग अजून काय पाहिजे. मला हे अजिबात पटत नाही म्हणून धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2019 ला हे प्रकरण बाहेर आलं, नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहाजणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायांमध्ये देशाचं प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास आहे. फरक बघा.

माझं म्हणणं असं की डॉक्टरला धरून हा प्रश्न सुटणार नाही कारण तो दवाखान्यात सुरूच होत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर मुकादम (मजूर पुरवणारा ठेकेदार) दसऱ्याच्या आधी उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, ती उचल टनावर फेडायची. एक दिवस बाई आजारी पडली तर खाडा म्हणजे गैरहजेरी, त्याचा दंड 500 रुपये, काही टोळ्यांत त्याहून जास्त. पहाटे फडात, दिवसभर तोडणी, मोळ्या बांधायच्या, 30-40 किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची, गाडी रात्री 11 ला आली तर रात्री 11 ला भरायची. कोपीला (राहायच्या झोपडीला) संडास नाही, न्हाणी नाही, पाणी कॅनॉलचं. अंगावरून पांढरं जायला लागलं की चार महिने तसंच काढायचं कारण दवाखाना म्हणजे खाडा. गावी आल्यावर मे महिन्यात ती डॉक्टरकडे जाते तेव्हा तिला बरं व्हायचं असतं, पण त्याहून जास्त पुढचा सीझन बिनात्रासाचा पाहिजे असतो. ही खाडा पद्धत मोडल्याशिवाय कितीही परवानग्या लावा, काही होणार नाही.

डॉ_स्त्रीरोग_मराठवाडा
बालाघाटकर, खाड्याबद्दल बरोबर आहे तुमचं, पण सगळं उचलीवर ढकलून तुम्ही आमच्यातल्या काही लोकांना फुकट सोडताय. आंध्र आणि तेलंगणात पिशवी काढण्याचं प्रमाण महाराष्ट्रापेक्षा कितीतरी जास्त आहे, तिथे कुठे कोयता आणि मुकादम? जिथे खाजगी दवाखाने भरपूर, सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञ कमी आणि बाईची दोन लेकरांनंतर नसबंदी झालेली, तिथे हे होतंच. "काढून टाका नाहीतर कॅन्सर होईल" हे वाक्य मुकादम नाही बोलत, डॉक्टर बोलतो. पांढरं जाणं हे बहुतेक वेळा इन्फेक्शन असतं, नवरा-बायको दोघांना गोळ्या दिल्या की जातं. त्यासाठी 28 वर्षांच्या बाईची पिशवी काढणं हा सरळ गुन्हा आहे. सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2023 मध्ये सगळ्या राज्यांना अनावश्यक पिशवी काढण्याविरुद्धच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं ते उगीच नाही. त्यामुळे परवानगीचा नियम पाहिजेच, उलट तो सगळ्या जिल्ह्यांत पाहिजे.

बालाघाटकर
डॉक्टर, गुन्हा आहे हे मान्यच. पण मला सांगा, तुम्ही तिला गोळ्या लिहून दिल्या आणि तीन महिन्यांनी या म्हणालात, तेव्हा ती कुठे असेल? सांगलीत नाहीतर कर्नाटकात. एका ताईची फाईल मी स्वतः बघितली, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली. आत सोनोग्राफीचा एक कागद, त्यावर "पिशवीला सूज" एवढी एकच ओळ, आणि एक बिल. अंडाशय ठेवले की काढले ते कुठेच लिहिलेलं नाही. वय 31. मी विचारलं दुसऱ्या डॉक्टरला का नाही दाखवलं, तर म्हणाली दादा पोळा झाला होता, मुकादम दारात बसला होता.

वारणाकाठचा
मी दुसऱ्या बाजूने लिहितो, राग मानू नका. आमचा ट्रॅक्टर आहे, कारखान्याला वाहतुकीचा करार आहे. मुकादमाला दिलेली उचल आम्ही वाहनमालक आमच्या नावावर कर्ज काढून देतो, कारखाना हमी घेतो पण फेडायचं आम्हालाच. आमच्या गावात दोन-तीन वर्षांआड कुणाचे तरी 5-6 लाख बुडतात, मुकादम पैसे घेऊन गायब, टोळी आलीच नाही, पोलिसात गेलं की तिकडून वेगळीच केस पडते. उचल बंद करा म्हणणारे सोपं बोलतात, उचल नसेल तर मजूर घरातून निघेल का? लग्न, दवाखाना, लेकराचं शिक्षण याला त्याला बँक एक रुपया देत नाही. आणि आमच्या टोळीत बाई आजारी पडली तर आम्ही खाडा धरत नाही. सगळ्यांना एका मापात मोजू नका. एवढंच असेल तर हार्वेस्टर येतायत, सगळाच प्रश्न संपेल.

बालाघाटकर
भाऊ, तुमचे पैसे बुडतात हे खरं आहे, पण तुम्ही म्हणताय तेच माझं म्हणणं आहे. जोखीम कारखान्याची, आणि ती वाहनमालकावर, तिथून मुकादमावर आणि शेवटी बाईच्या अंगावर उतरवलीय. कारखान्याने मजुराची थेट नोंद केली, ओळखपत्र दिलं, बँकेत पैसे दिले तर तुमचीही सुटका आहे. हार्वेस्टर छोट्या वावरात चालत नाही हे तुम्हाला जास्त माहीत.

कोयत्यावरची_लेक
मी वडवणी तालुक्यातली, आई-बापू 20 वर्षं कोयत्यावर जात होते, मी आता नर्सिंग करते. इथे सगळे आमच्याबद्दल बोलताय म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट, "मुकादमाने पिशव्या काढायला लावल्या" असं जे पसरवलं गेलं त्याने आमच्या बायांना फार लागलं. माझ्या आईने स्वतः ठरवलं होतं, आजी नको म्हणत होती तरी. तिला अक्कल नव्हती असं नाही. पाळीत फडात कपडा बदलायला आडोसा नसायचा, मोळी डोक्यावर असताना अंगावरून जायचं, तिने ऑपरेशन केलं आणि दोन महिन्यांत पुन्हा मोळ्या उचलायला लागली. आता ती 44 ची आहे, कंबर धरून उठते, अंगातून वाफा निघतात म्हणते, झोप नाही. अंडाशय काढले तर हे असं होऊ शकतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. निर्णय तिचा होता पण माहिती शून्य होती, मग तो निर्णय कसला? हे मी डॉक्टरांना विचारते, मुकादमाला नाही.

दुसरी, बालाघाटकर दादा, खाडा आज बंद झाला तरी गरज आहेच, बाया टनावर जातात. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्के वाढला, चांगलं झालं, पण टनावर दर असेल तोपर्यंत बाई दुखणं अंगावरच काढणार. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखाने टनाला 10 रुपये देणार असं ठरलंय ना, मग त्यातून कोप्यांजवळ फिरता दवाखाना का नाही? मेपासून सप्टेंबरपर्यंत बाया गावातच असतात, तेव्हा पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) आठवड्यातून एकदा लेडी डॉक्टर बसवा. तपासणी निघण्याआधी होते म्हणतात, पण नुसती नोंद करून काय उपयोग, हिमोग्लोबिन 7 वर असलेली बाई तशीच गाडीत बसते.

डॉ_स्त्रीरोग_मराठवाडा
ताई, तुमचा मुद्दा मला मान्य. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं कारण, अंडाशय ठेवले की काढले आणि पुढे काय त्रास होऊ शकतो हे मराठीत लिहून द्यायलाच पाहिजे, याला कुठल्या जीआरची गरज नाही. पण परवानगीच्या नियमावर मी ठाम आहे. फायब्रॉइडने (पिशवीतल्या गाठीने) रक्त जाऊन हिमोग्लोबिन 6 वर आलेल्या बाईला कधीकधी सहीसाठी थांबावं लागतं, त्याचा मलाही राग येतो, तरी नियम राहू द्या, सही 48 तासांत द्या.

बालाघाटकर
48 तासांत सही, चालेल. पण डॉक्टर, तुमच्याकडे परवानगी मिळाली नाही तर ती बाई शेजारच्या जिल्ह्यात जाते, तिथे कुणी विचारत नाही. म्हणून मी पुन्हा तेच म्हणतोय, कारखान्याच्या गेटवर तिची नोंद होऊ द्या, पाळीच्या आणि दुखण्याच्या दिवसाची भरपगारी सुट्टी द्या, आणि तो खर्च साखरेच्या भावात धरा. यावर वारणाकाठच्या भाऊंचं मत पाहिजे.

वारणाकाठचा
कारखाना नोंद करणार असेल तर मी पहिला सही करतो. पण आमच्या सर्वसाधारण सभेत हा विषय काढला तर माईक काढून घेतात, ते कोण बघणार ते सांगा.